मुतर्जिमसाहेबांचं शिफारसपत्र

मुतर्जिमसाहेब शिवीचासुद्धा तर्जुमा करायचे, आणि तोही एक शब्द न गाळता.

हैदराबादेत, नारायणगुड्यात ते ज्या घरात भाड्याने राहायचे, त्याच्या मालकाचे मुन्शी महिन्यातून एकदा चक्कर मारायचे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि मुन्शींना मराठी कळत नव्हतं. सामाईक नळ चार महिने गळत होता. त्या दिवशी काकूंचा तोल सुटला आणि मुन्शींच्या हातांबद्दल जे बोलू नये ते त्या बोलल्या. साहेब मधे उभे होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि हवापाणी सांगावं तसं सांगितलं, "बाई फर्माते हैं के आपके हाथां सड़ के गिर जाना."

मुन्शी म्हणाले, "आमीन. मगर नल तो मालिकच दुरुस्त करवाएंगे."

साहेब काकूंकडे वळले. "ते म्हणतात, तथास्तु. पण नळ मालकच दुरुस्त करणार."

साहेबांची विधवा बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, एवढं सगळं सांगायची गरज होती का?"

"मग मला मधे कशाला उभं केलं?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

मी पायरीवर बसून हे पाहत होते. माझं त्यांच्या घरी बरंचसं पायरीवर बसणंच असायचं. मला बोलवावं लागायचं, आणि बोलावलं तरी मी एकदम आत जात नसे.

मुतर्जिम म्हणजे अदालतीत भाषांतर करणारा. राज्य निजामाचं, अदालत उर्दूची, आणि परभणी-नांदेड-बीडकडची खरेदीखतं, वाटणीपत्रं, दत्तकपत्रं मराठीत, तीही बहुतेक मोडीत. ती सगळी साहेबांच्या हाताखालून उर्दूत जायची. प्रत्येक कागदाच्या शेवटी ते लिहायचे, 'तर्जुमा मुताबिक अस्ल', म्हणजे भाषांतर मुळाबरहुकूम आहे. खाली सही, आणि सहीवर गोल शिक्का. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. एखाद्या खतात धडधडीत खोटं लिहिलेलं असलं तर ते खोटंही ते तितक्याच काळजीने उर्दूत न्यायचे. "अस्लला हात लावायचा नाही," ते म्हणायचे. "अस्ल खोटं बोलत असेल तर तो न्यायाधीशाचा प्रश्न. माझं काम एवढंच की कमी नाही, जास्त नाही."

हे 'कमी नाही, जास्त नाही' ते कशालाही लावायचे. वरणातल्या मिठाला, कोटाच्या बाहीला, माणसाच्या रडण्यालासुद्धा.

पण माझी त्यांची ओळख अदालतीतली नव्हे. आमच्याकडच्या मराठी वाचनालयाचं एक महिला मंडळ होतं, आणि ते गणपतीत एक नाटक करायचं. ते बसवायला साहेब यायचे. तरुणपणी ते एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. कंपनी हैदराबादेत आली, इथेच बुडाली, पडदे विकले गेले आणि साहेब मागे राहिले. ते कधी रंगमंचावर उभे राहिले नव्हते. तरी नाटकातलं काही विचारलं की त्यांना सगळं ठाऊक असायचं, आणि ते विंगेतून दिसतं तसं, एका बाजूने ठाऊक असायचं.

मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या वर्गांत होते. घर बरकतपुऱ्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यात पेशकार, अधिकाऱ्यापुढे कागद ठेवणारे. घरी मराठी बोलायचो, बाहेर दखनी, शाळेत फक्त इंग्रजी. बाळबोध अक्षरं मला लावून लावून वाचावी लागत. म्हणून मंडळातल्या एका मुलीने वाचून दाखवलं की मी नाटकाचे संवाद इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्यायची. पहिल्याच तालमीला साहेबांनी माझी वही हातात घेतली.

"हे काय आहे?"

"मराठी," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःची वही माझ्यापुढे धरली. उजवीकडून डावीकडे, बारीक, सुरेख उर्दू अक्षर. त्यांचं शिक्षण सगळं उर्दू शाळेत झालेलं; मोडी-बाळबोध ते वाचायचे, पण लिहिणारा हात उर्दूचाच. मराठी नाटकाची संहिता ते त्याच लिपीत लिहायचे.

"हीसुद्धा मराठीच," ते म्हणाले. "तुझी मला वाचता येत नाही, माझी तुला. बोललो तरच एकमेकांना कळणार, मिससाहेब."

तेव्हापासून मी मिससाहेब. कॉन्व्हेंटची म्हणून. मला ते टोचायचं आणि आवडायचंही.

तालमीला ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मुली हसायच्या. "साहेब, बघा तरी!" "बघायला लोक येणार आहेत," ते म्हणायचे. "मी ऐकतो." आणि भिंतीकडे बघूनच सांगायचे की तिसरी मुलगी वाक्य संपायच्या आधीच श्वास घेतेय, तिला पुढचं वाक्य आठवत नाही.

ते अभिनय शिकवत नसत. दुसरंच काहीतरी शिकायला पाठवायचे. एका मुलीला सोनाराच्या दुकानात बसवलं, तराजू स्थिर होताना सोनार श्वास घेतो की सोडतो ते पाहून यायला. बागेच्या प्रवेशात नायिका जाईचा वास घेते. ती मुलगी डोळे मिटून, मान वर करून वास घ्यायची. साहेब भिंतीकडून म्हणाले, "प्रवेश कधीचा आहे?"

"सकाळचा."

"जाई कधी उमलते?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"संध्याकाळी. सकाळी तिचा वास उतरलेला असतो. मग तू एवढं नाक कशाला वर करतेस? जरा वाक, कष्टाने वास घे. वनस्पती माहीत नाहीत आणि निघाल्या बागेत!"

मला त्यांनी एक जुनं मराठी खरेदीखत दिलं. अक्षरं लावायला मला चार दिवस लागले. "यात घाबरलेला माणूस कोण आहे, ते शोध," ते म्हणाले. मी विकणाऱ्याचं नाव सांगितलं. "नाही. तो तर सुटला. साक्षीदार बघ. त्याने सही तीनदा केलीय." ते खत अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. माणसाची भीती कागदावर दिसू शकते हे मला तेव्हा कळलं.

मला नाटकात उभं राहायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात प्रश्न विचारला तर माझे कान लाल व्हायचे, पाहुणे आले की मी मागच्या दाराने जायची, आणि तरी रोज अंघोळीच्या वेळी नळ पूर्ण सोडून मी नायिकेचे सगळे संवाद म्हणायची. मला वाटायचं, अंधारात समोर माणसं बसलेली असतील, ती मला दिसणार नाहीत, आणि मी जी आहे ती तेवढा वेळ नसेन. मला दुसरं काही नको होतं. साहेबांनी पहिल्या दिवसापासून मला प्रॉम्प्टिंगला बसवलं. दरवेळी. "मिससाहेब विंगेत." आणि मी विंगेत जायची.

एकदाच मी उभी राहिले. ती सत्तेचाळीसनंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारी स्वातंत्र्य आलं होतं आणि आमच्याकडे नव्हतं. रझाकारांच्या गोष्टी घरात हळू आवाजात बोलल्या जायच्या. एकेक कुटुंब सोलापूर-नागपूरकडे निघून जात होतं. कुणी निरोप घ्यायचं नाही, नुसतं एक दिवस दाराला कुलूप दिसायचं. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीच्या दाराला असंच कुलूप दिसलं. तालीम थांबली. साहेब भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मिससाहेब, तुला सगळं पाठ आहे. आज तू म्हण."

मी उभी राहिले. पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही. संपल्यावरही साहेबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "उद्या दुसरी कुणी बघू."

मी घरी आले आणि जेवले नाही. अण्णांना वाटलं शहरातल्या बातम्यांमुळे.

नाटक झालंच नाही. त्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं, आणि आमचं राज्य एका मोठ्या देशात गेलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. दोन गल्ल्या सोडून दारं-खिडक्या बंद होत्या, आणि तिकडे काय चाललंय ते घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. घरमालकाचे मुन्शी त्यानंतर आले नाहीत. साहेबांनी दोनदा जाऊन चौकशी केली. दुसऱ्यांदा परत आल्यावर ते अक्काला म्हणाले, "घर रिकामं आहे," आणि नळाखाली हात धरून बराच वेळ उभे राहिले. रस्त्यावर पांढऱ्या टोप्या वाढल्या. साहेबांची काळी शेरवानी मात्र तशीच राहिली. कोणीतरी टोमणा मारला, "मुतर्जिमसाहेब, राज्य बदललं हो!" ते म्हणाले, "हौ, ऐकलं. शिंप्याने अजून सांगितलं नाही."

पुढच्या वर्षी माझी शाळा संपली आणि कॉलेजचा प्रश्न आला.

बाहेरची वर्तमानपत्रं आता पुन्हा नेमाने येत होती. वाचनालयात साहेबांनी कुणाकडून तरी इंग्रजी जाहिराती वाचून घेतल्या आणि दोन ठिकाणी पत्रं टाकायला लावली. दोन माहितीपत्रकं आली. मी ती त्यांच्या ओट्यावर बसून मराठीत सांगितली. एक मुंबईतली नाट्यशाळा होती. दोन वर्षं फक्त नाटक. सकाळी आवाज, दुपारी हालचाल, संध्याकाळी तालीम. दुसरं, दोन दिवसांच्या प्रवासावरचं एक कॉलेज. तिथे बी.ए.च्या चार विषयांत नाटक हा एक विषय घेता यायचा. उरलेले तीन कोणतेही. नाटकाच्या विषयातही दोन बाजू होत्या, अभिनय किंवा रंगव्यवस्था. अभिनयाची बाजू हवी असेल तर विद्यार्थ्याचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या जाणत्या माणसाचं शिफारसपत्र लागायचं.

"मला मुंबईला जायचंय," मी म्हटलं. एवढं ठाम मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते.

"नको."

"का?"

"नुसतं नाटक शिकलेला माणूस मी पाहिलाय. तो नाटकातल्या माणसांचंच नाटक करतो. राजा म्हणजे त्याला कंपनीतला राजा. खरा तहसीलदार त्याच्यासमोर आणून बसवला तरी त्याला ओळखू येणार नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी बारा वर्षं विंगेत काढली. मला एक झाड ओळखता येत नव्हतं, एक कायदा माहीत नव्हता. कंपनी बुडाली तेव्हा माझ्याजवळ काय होतं? दुसऱ्यांची वाक्यं. अदालतीत आलो तेव्हा माणसं दिसायला लागली. तू आधीच बघून घे. नाटक मधे ठेव आणि भोवती सगळं ठेव."

अण्णांकडे ते स्वतः आले. अण्णा बरेच दिवस ऑफिसातून येऊन गप्प बसून असायचे. महसूल खात्यात कुणाची खुर्ची राहणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मुतर्जिमसाहेब," अण्णा म्हणाले, "आमच्या घरातल्या मुली नाटकात गेल्या नाहीत."

"पेशकारसाहेब, ही नाटकात जात नाहीये. बी.ए.ला जातेय. चार विषय आहेत, त्यातला एक नाटक."

"आणि बाकीचे तीन?"

"इतिहास. अर्थशास्त्र. तिसरा तुम्ही सांगा."

अण्णांनी विचारलं, "राज्यशास्त्र असतं का?"

"असतं."

"मग ते घेऊ दे. राज्य कुणाचं आहे ते घरात एकाला तरी कळेल." आणि किती महिन्यांनी ते हसले. त्या हसण्याने माझं मुंबईचं संपलं आणि कॉलेजचं ठरलं.

मी मनात म्हटलं, ठीक आहे. चारांतला एक तर एक, पण त्या एकात मी अभिनयच घेणार.

शिफारसपत्र साहेबांनी लिहिलं. आठ दिवस लिहीत होते. त्यांना वाटत होतं, सरकारी काम म्हणजे उर्दू. आयुष्यात दुसऱ्या भाषेत त्यांनी कुठे काही दाखल केलं नव्हतं. अदालती कागदावर, अदालती अक्षरात, निजामशाहीतल्या फसली सनाची तारीख घालून, लाल लाख लावून ते पत्र त्यांनी पाठवलं. मला वाचता येत नव्हतं, आणि काय लिहिलंय ते विचारायची हिंमत नव्हती. तीन आठवड्यांनी ते परत आलं. सोबत टाइप केलेली एक ओळ: कृपया इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून पाठवावे.

साहेबांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग परत आलेलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "भाषा बदलली." मग उठून शिक्का आणि शाईचं पॅड काढलं. "मला इंग्रजी येत नाही. मी सांगतो, तू लिही. पण रीतीने. कमी नाही, जास्त नाही."

अक्काने दार लोटून घेतलं. मी दोन कागदांमध्ये कार्बन घालून बसले. साहेब एक वाक्य उर्दूत वाचायचे, तेच मराठीत सांगायचे, मी ते इंग्रजीत लिहायची. ते माझ्याकडे बघत नव्हते. अदालतीत पक्षकार समोर असला तरी ते त्याच्याकडे बघत नसत.

माझं नाव, वडिलांचं नाव, किती दिवसांची ओळख. मग ते वाक्य.

उर्दूत ते छान वाटलं. मग त्यांनी मराठीत सांगितलं, त्याच सपाट आवाजात. "मुलीचा आवाज रंगमंचाचा नाही. तो दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. तिला अभिनयासाठी उभं करू नये." थांबले. "लिहिलंस?"

"हो," मी म्हटलं.

मी लिहिलं होतं की मुलीचा आवाज स्वच्छ आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि तिला अभिनयासाठी अवश्य निवडावं.

माझा हात थांबला नाही. मी ते ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण न ठरवता केलं असंही नाही. मला एवढंच कळत होतं की हे वाक्य जसंच्या तसं गेलं तर मी जन्मभर विंगेत राहीन.

"पुढे," साहेब म्हणाले. "परंतु हिच्यासारखं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. दुसरा चुकणार हे त्याच्या आधी हिला कळतं. हिला इतिहास, कायदा, अर्थव्यवहार, जे जे असेल ते शिकवावं आणि नाटक त्याच्या मध्यभागी ठेवावं. ही नाटक करणार नाही. ही नाटक समजेल, आणि ते जास्त दुर्मीळ आहे."

'नाटक करणार नाही' एवढं मी गाळलं. बाकीचं प्रामाणिकपणे उतरवलं. चांगलं उतरलं. त्या वेळी मला त्याची किंमत कळली नाही. मला पहिलंच वाक्य ऐकू येत होतं.

संपल्यावर त्यांनी शिक्का हातात घेतला, आणि थांबले. "वाचून दाखव."

"काय?"

"इंग्रजीवरून मराठीत. सही करायच्या आधी ऐकायचं असतं. रीत आहे."

मी कागद उचलला. त्यावर एक लिहिलेलं होतं आणि मला दुसरं म्हणायचं होतं. मी म्हटलं. माझ्या तोंडाने, त्या कागदाकडे बघत, मी वाचलं: मुलीचा आवाज रंगमंचाचा नाही, दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, तिला उभं करू नये. कुठे अडखळले नाही. इंग्रजीवरून भाषांतर करताना माणूस जिथे क्षणभर थांबेल, तिथे थांबले. शेवटपर्यंत गेले.

साहेबांनी मान वर केली. "आज नीट ऐकू आलं," ते म्हणाले. "असं वाचत जा."

मग त्यांनी खाली उर्दूत लिहिलं, तर्जुमा मुताबिक अस्ल. सही केली. सहीवर शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले. कार्बनची प्रत अस्लसोबत स्वतःकडे ठेवली. तीही रीतच.

कॉलेजात मला प्रवेश मिळाला. अभिनयाच्या बाजूला.

त्याच सुमाराला अदालतींची भाषा बदलायला लागली. उर्दूतली कामं कमी होत गेली, मुतर्जिमांना हळूहळू मोकळं केलं गेलं. माझं पत्र हे त्यांनी शिक्का मारलेलं शेवटचं भाषांतर होतं, हे अक्काने मला वसतिगृहावर कळवलं. तिने ते कौतुकाने कळवलं होतं. मी अक्काचं ते पत्र ट्रंकेत तळाशी ठेवलं.

कॉलेजातल्या नाटकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्राच्या जोरावर मला पहिल्याच सत्रात एका राणीचं काम मिळालं. तीन प्रवेश. मी पाठ करून उभी राहिले, आणि नाटकाच्या सरांनी मागच्या रांगेतून हात वर केला. "ऐकू येत नाही." मी जोरात म्हटलं. ते एक रांग पुढे आले. "ऐकू येत नाही." असे ते पुढे पुढे येत दुसऱ्या रांगेत येऊन बसले. तिथे त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि वही मिटली.

"तुझं शिफारसपत्र कुणी लिहिलं?" त्यांनी मला नंतर विचारलं. रागाने नाही. "हे गृहस्थ एक तर बहिरे असले पाहिजेत, नाही तर फार दयाळू."

मला सांगता आलं असतं. मी मान खाली घालून उभी राहिले आणि साहेबांना बहिरं ठरू दिलं.

ते काम दुसऱ्या मुलीकडे गेलं. वर्षअखेरीला मी नाटक हा विषयच सोडला आणि त्याऐवजी संस्कृत घेतलं. इतिहासात मात्र माझं लक्ष लागत होतं. जुने करारनामे वाचताना मी आपोआप साक्षीदारांच्या सह्या बघायची. सगळं त्यांच्या पत्रात लिहिल्यासारखंच होत होतं, फक्त मध्यभागी काही नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा ठरवलं होतं की त्यांना सांगायचं. विषय सोडल्याचं, आणि त्याआधीचंही. गाडीत मी वाक्यं तयार केली होती.

साहेब ओट्यावर होते. बसल्या जागी ते लहान झाल्यासारखे दिसत होते. पुढ्यात मुलांचं इंग्रजी पहिलं पुस्तक, एक फाटका शब्दकोश आणि एक पाटी.

"मिससाहेब! या. बघ, म्हातारा शाळेत जातोय," ते म्हणाले. "पेशकारसाहेब म्हणाले, इंग्रजी आलं तर कुठे कारकुनी मिळेल. पहिलं पुस्तक संपलं. त्यात मांजर आणि चटई. मग म्हटलं, जरा मोठ्या माणसांचं काहीतरी वाचावं. घरात इंग्रजीतला एकच कागद होता."

त्यांनी पुस्तकाखालून कार्बनची प्रत काढली. निळसर, घडीवर झिजलेली. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने बारीक उर्दूत अर्थ लिहिलेला होता. एकही शब्द सुटला नव्हता.

मला उठून जावंसं वाटलं.

"दोन महिने लागले," ते म्हणाले. मग अस्लही काढलं, ते लाखेचे डाग असलेलं उर्दू पत्र, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. उर्दू मला अजूनही वाचता येत नाही. पण वरून पाचवी ओळ खोडलेली होती, तिच्यावर ताज्या काळ्या शाईने दुसरी ओळ लिहिलेली होती, आणि समासात दुरुस्तीखाली करतात तशी त्यांची छोटी सही होती. खाली आणखी दोन-तीन शब्द खोडलेले. तिथेही सही.

त्यांनी ती नवी ओळ वाचून दाखवली. आधी उर्दूत, मग मराठीत, अदालतीतल्या आवाजात. "मुलीचा आवाज स्वच्छ आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तिला अभिनयासाठी अवश्य निवडावं."

कागद घडी करता करता ते म्हणाले, "तुझा तर्जुमा बरोबर होता, मिससाहेब. अस्ल चुकलं होतं. ते दुरुस्त केलं."

गाडीत तयार केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"मग?" ते पुढे वाकले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून ऐकायला बसले होते. "उभी राहिलीस का? काम कुठलं मिळालं?"

"राणीचं," मी म्हटलं.

"किती प्रवेश?"

"तीन."

"मागच्या रांगेत ऐकू गेलं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग आतल्या बाजूला हाक मारली, "अक्का! ऐकलंस का? पोरगी राणी झाली."

रेशनची साखर त्या महिन्यात आलेली नव्हती. अक्का तरी आतून वाटी घेऊन आली. तळाशी चिकटलेली साखर तिने बोटांनी खरवडून माझ्या तळहातावर घातली आणि दोघं माझ्याकडे बघत उभी राहिली. मी ती खाल्ली.